कारखाना बंद पडला की त्या जमिनीचं काय होतं? मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट माळशिरसमध्ये का वाचायची

आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरस तालुक्यात आली की सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याच्या मैदानावर गोल रिंगण होतं. अश्व धावतो, टाळ वाजतात, लोक माती कपाळाला लावतात. त्या दिवशी तिथल्या मोकळ्या जमिनीचा गुंठ्याचा भाव कोणी विचारत नाही. ती सगळ्यांची असते.

एरवी मात्र मोकळ्या जमिनीला आपल्याकडे एकच नाव आहे, पडीक. आणि त्यातही बंद गिरणी, बंद कारखाना, मुरूम काढून सोडून दिलेली खाण, जुनी वीटभट्टी अशी जागा असेल तर विचारूच नका. गेटला गंजलेलं कुलूप, आत वेडी बाभूळ, कोपऱ्यात गावाचा कचरा. अशा जागेचं पुढं काय होतं? बहुतेकदा दोनच गोष्टी. जागा शहराजवळ असेल तर प्लॉट पडतात, लांब असेल तर बाभूळ वाढत राहते.

पण जगात काही ठिकाणी अशाच जागांची उद्यानं झाली, जंगलं झाली. एक तर आपल्या राज्यात, धारावीला लागून आहे. मग सगळीकडे तसं का होत नाही? त्याचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीच्या कागदावर आणि जमिनीच्या मातीत सापडतं. झाडं लावायचा विषय त्यानंतर येतो.

माळशिरसचा यात काय संबंध?

माळशिरस हा दोन तोंडांचा तालुका. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याखाली आलेल्या भागात ऊस आणि केळी, तर कालवा जिथं पोचत नाही तिथं ज्वारी-बाजरी आणि माळ. कालव्यापाठोपाठ ऊस आला आणि उसापाठोपाठ कारखाने. सासवडच्या माळी समाजातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारलेला माळीनगरचा कारखाना आणि श्रीपूरचा कारखाना हे दोन्ही १९३०च्या दशकातले, म्हणजे सहकारी साखर कारखानदारी राज्यात रुजायच्या आधीचे. पुढं अकलूजजवळ यशवंतनगरला सहकारी कारखाना आला.

आता कारखाना म्हणजे फक्त धुराडं आणि गव्हाण नसते. त्याच्याभोवती बैलगाड्यांचा तळ असतो, बगॅसचे ढीग असतात, कामगारांची कॉलनी, वर्कशॉप, गोदामं, डिस्टिलरी असेल तर सांडपाण्याचे तलाव. एकेका कारखान्याची जमीन म्हणजे छोटं गावच.

हंगाम संपून पट्टा पडला की हे सगळं काही महिने शांत असतं. पण राज्यात असे कितीतरी कारखाने आहेत जिथं पट्टा पडला तो पडलाच, पुन्हा मोळी टाकलीच गेली नाही. कधी कर्ज, कधी दुष्काळात ऊस नाही, कधी कारभार. मग बँक येते, अवसायक येतो, लिलावाची जाहिरात येते. यंत्रं भंगारात जातात. उरते ती जमीन.

या तालुक्याला जमिनीच्या कागदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर खासगी साखर कारखान्यांकडची जादा जमीन सरकारने घेतली आणि ती कसण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. ज्या शेतकऱ्यांनी कारखान्यांना खंडाने जमिनी दिल्या होत्या, त्या खंडकऱ्यांच्या पुढच्या पिढ्या आपली जमीन परत मिळावी म्हणून कित्येक दशकं भांडल्या. कारखान्यासाठी म्हणून गेलेली जमीन कारखान्याचं काम संपल्यावर कोणाची, हा प्रश्न इथं नवा नाही. फक्त त्यात 'गावाची सामाईक जागा' असा पर्याय फारसा कधी आला नाही.

मुंबईत काय झालं?

हा पर्याय एकदा कायद्यात लिहिला गेला होता. मुंबईत.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद होत गेल्या. परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली मिळून साधारण ६०० एकर जमीन. ज्या शहरात मुलांना क्रिकेट खेळायला गल्ली पुरत नाही, त्या शहराच्या मधोमध ६०० एकर.

१९९१ मध्ये मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला नियम क्रमांक ५८ गिरण्यांच्या जमिनीसाठी होता. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा होता की, गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला, उद्यानं आणि मैदानांसाठी. एक वाटा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. आणि एक वाटा मालकाला, त्यानं काय ते करावं. म्हणजे सगळ्या जमिनी या नियमाने गेल्या असत्या तर मोकळ्या जागांसाठी २०० एकरांच्या आसपास जमीन मिळाली असती.

पुढं १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक समिती नेमली. समितीचं म्हणणं असं होतं की प्रत्येक गिरणीचे सुटे सुटे तुकडे पाडू नका, सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा करा. लहान लहान तुकड्यांतून नुसती कोपऱ्यातली बाकडी मिळतात, सलग जमिनीतून मोठं उद्यान मिळू शकतं.

तसं झालं नाही. २००१ मध्ये नियम ५८ बदलला. बदल दिसायला छोटा होता. आता तीन वाटे पूर्ण जमिनीचे करायचे नव्हते, गिरणीच्या आवारात जी जमीन मोकळी असेल फक्त तिचे करायचे होते.

म्हणजे काय, तर समजा एखाद्या गिरणीची जमीन १२ एकर आहे आणि त्यातल्या ९ एकरांवर शेड, गोदामं, कचेऱ्या उभ्या आहेत. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी.) जुन्या नियमाने १२ एकरांचे वाटे पडले असते, साधारण चार-चार-चार. नव्या नियमाने बांधकामाखालचे ९ एकर वाटपातून बाहेर, उरलेल्या ३ एकरांचे वाटे. उद्यानाला एक एकर. गिरण्यांमध्ये मोकळी जागा कमीच असायची, कारण शेडनेच आवार भरलेलं असायचं. आणि ती शेड पाडून तिथं टॉवर बांधायला काही अडचण नव्हती.

या बदलाविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर परळमध्ये काय उभं राहिलं ते लोअर परळ स्टेशनबाहेर उभं राहिलं की दिसतंच.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. जमिनीचा एक वाटा बागेसाठी होता तसा एक घरांसाठी होता. मोकळी जमीन आटली तशी घरांची जमीनही आटली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले आणि त्यातल्या बहुतेकांना अजून घर मिळायचं आहे. अर्जदार कामगारांपैकी अनेक जण वाट बघता बघता गेले, आता त्यांचे वारस लॉटरीकडे डोळे लावून आहेत. त्यामुळे 'कारखान्याच्या जागेवर उद्यान करा' अशी मागणी कामगारांचं देणं बाजूला ठेवून केली तर ती टिकत नाही, आणि टिकूही नये. साखर कारखान्याच्या बाबतीत तर थकलेले पगार आणि उसाची एफआरपी आधी येते.

मग धारावीजवळ कसं जमलं?

गिरण्यांपासून काही किलोमीटरवर, सायन-वांद्रे लिंक रोडला, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर. आज तिथं गेलात तर वाटणार नाही, पण ही एकेकाळी मुंबईचा कचरा टाकायची जागा होती. कारखान्याची नसली तरी वापरून टाकून दिलेलीच.

१९७०च्या दशकात डम्पिंग थांबलं. इथं निसर्ग शिक्षणाचं केंद्र करावं अशी कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाच्या मंडळींनी मांडली. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सालीम अली यांच्या हस्ते इथं पहिलं झाड लागलं. कचऱ्यावर मातीचा थर टाकून, टप्प्याटप्प्याने लागवड होत गेली. उद्यान लोकांसाठी खुलं झालं ते २२ एप्रिल १९९४ ला. म्हणजे पहिल्या झाडापासून गेट उघडेपर्यंत ११ वर्षं. पावसाळ्याच्या तोंडावर रोपं लावून फोटो टाकणाऱ्यांनी हा आकडा जरा डोक्यात ठेवावा.

आज तिथं शेकडो प्रकारच्या वनस्पती आहेत, शंभराहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेलेत, पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे आणि शाळांच्या सहली येतात.

पण जागा वाचली ती नुसत्या झाडांमुळे नाही. मधल्या काळात, १९९१ मध्ये, ही जमीन 'संरक्षित वन' म्हणून जाहीर झाली. हा कागद किती कामाचा ते पुढं कळलं. २०१८ मध्ये धारावी पुनर्विकासाच्या हद्दीत हे उद्यानही धरल्याचं समोर आलं आणि गदारोळ झाला. पर्यावरण संस्था उच्च न्यायालयात गेल्या. उद्यान पुनर्विकासाचा भाग नाही, असं नंतर सांगण्यात आलं. हिरवीगार असलेली, माणसं रोज येत असलेली जागासुद्धा कागद पक्का नसेल तर दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा वाचवावी लागते. कागद पक्का असला तरी लागतेच, फक्त भांडायला हातात काहीतरी असतं.

मातीत काय काय असतं?

समजा, कागद जमला. आता माती.

बंद कारखान्याची माती शेताच्या मातीसारखी नसते. साखर कारखान्यात वर्षानुवर्षं तेल-ग्रीस सांडलेलं असतं, राखेचे ढीग असतात, चुना आणि गंधक वापरलेलं असतं. जुन्या शेडवरच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते पत्रे फोडले, जेसीबीने चिरडले की त्याचे बारीक तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. डिस्टिलरी असेल तर काम जास्त अवघड. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावं असा नियम आहे. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ते ४०-५० हजारांच्या घरात असतं. असं पाणी जिथं वर्षानुवर्षं साठलं, तिथली विहीर आणि तिथली जमीन दोन्ही तपासल्याशिवाय तिथं मुलांची बाग करणं धोक्याचं.

त्यात नीरा खोऱ्यात आणखी एक भानगड. कालव्याचं जास्त पाणी आणि निचरा कमी, यामुळे इथल्या काही जमिनी खारवट-चोपण झाल्या आहेत. तिथं कोणतंही रोप आणून लावलं तर पहिल्या उन्हाळ्यात जातं. त्यामुळे माती परीक्षणात सामू, क्षारता, सोडियम हे तर बघायचंच, शिवाय तेल आणि जड धातूही बघायचे.

इथं एक गंमत आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीबाहेर उकरलेल्या दगड-मातीचे ओसाड ढीग होते. सेंद्रिय अंश जवळजवळ नाही, गवतही उगवेना. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या शास्त्रज्ञ आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर झाडं जगवून दाखवली. त्यांनी काय केलं, तर खड्ड्यांत सेंद्रिय पदार्थ घातले, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांना चिकटून राहणारी उपयोगी बुरशी दिली, आणि त्या मातीत तग धरतील अशी झाडं निवडली. आणि सेंद्रिय पदार्थ म्हणून त्यांनी वापरलं काय? साखर कारखान्यातून निघणारं प्रेसमड. उसाचा रस गाळून जो चोथा उरतो तो. माळशिरस तालुक्यात ते ट्रॉलीने मिळतं.

जर्मनीचं उदाहरण लोक का देतात?

हा विषय निघाला की इंटरनेटवर हमखास एक फोटो येतो, गंजलेल्या भट्ट्यांभोवती वाढलेली झाडं. तो जर्मनीतल्या डुइसबुर्गचा. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. पाडून टाकायचा विचार होता, स्थानिक लोकांनी विरोध केला. मग पीटर लाट्स या रचनाकाराच्या आराखड्यानुसार १९९०च्या दशकात तिथं सुमारे १८० हेक्टरचं उद्यान झालं. कारखाना पाडलाच नाही. कच्चा माल साठवायच्या भिंतींवर आता लोक गिर्यारोहण शिकतात. गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात.

पण फोटोत न दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. जास्त विषारी माती त्यांनी खणून गावाबाहेर नेऊन टाकली नाही, जुन्या बंकरांमध्येच बंदिस्त केली. जिथं माणसांनी जाऊ नये तिथं जाऊ दिलं नाही. घाण पाणी वाहणारा नाला होता, ते पाणी जमिनीखालच्या पाइपात घेतलं आणि वर फक्त पावसाचं पाणी खेळवलं. आणि या सगळ्यामागे त्या पूर्ण खोऱ्याचा दहा वर्षांचा सरकारी कार्यक्रम होता, १९८९ ते १९९९. कोरिया समिती मुंबईत जे 'एकत्र आराखडा' म्हणून सांगत होती, ते हेच.

माळावर जंगल लावायचं का?

तालुक्याच्या नावातच माळ आहे. त्यामुळे हा प्रश्न इथं बाकी ठिकाणांपेक्षा जास्त लागू होतो.

आपल्याकडे 'हिरवं' म्हणजे झाडी, असं डोक्यात बसलंय. पण पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याचा मूळ निसर्ग गवताचा आहे. पवना, मारवेल, कुसळी अशी गवतं, मध्येच बोर, हिवर, बाभूळ, नेपती. या उघड्या गवतात चंडोल, तितर, माळटिटवी, धाविक जमिनीवरच अंडी घालतात. लांडगा आणि खोकडही इथलेच. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच गवताळ माळासाठी. तिथं दाट झाडी लावली असती तर माळढोकासाठी ती जागा संपलीच असती.

म्हणून बंद कारखान्याच्या दहा एकरांवर गुलमोहर आणि लॉन लावणं म्हणजे टँकरचं बिल लावून घेणं. त्यापेक्षा वेडी बाभूळ मुळासकट काढायची (नुसती तोडली तर ती दुप्पट जोमाने फुटते), दोन-तीन पावसाळे चराई बंद ठेवायची, स्थानिक गवताचं बी टाकायचं आणि कडेने कडुनिंब, बोर, हिवर लावायचे. जुन्या खाणीत पाणी साठत असेल तर तिला तळं राहू द्यायचं, फक्त एक बाजू उताराची करायची. सरळ कड्याच्या खाणीत दरवर्षी पोरं बुडतात. गवत तयार झालं की कापणीचा हक्क गावातल्या पशुपालकांना ठरलेल्या दिवशी द्यायचा. ज्या जागेतून गावाला चारा मिळतो, ती जागा गाव सांभाळतं. नाहीतर कुंपण पहिल्या उन्हाळ्यातच तुटतं.

विचारायचं कोणाला?

जमीन खासगी मालकाची असेल तर विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण आहे का, हे नगरपंचायत किंवा नगर परिषदेत विचारता येतं. आराखडा प्रारूप म्हणून जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते आणि ती अनेकदा कोणाला कळायच्या आत संपते. जमीन सहकारी कारखान्याची असेल तर सभासद हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडू शकतात. कारखाना चालू असताना. एकदा अवसायक नेमला आणि बँकेने जप्ती आणली की सभासदाच्या हातात फार काही उरत नाही. सरकारी गायरानात किंवा जुन्या खाणीत असेल तर ग्रामसभा आहेच, आणि जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावात ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढं विचारलं तरी बऱ्याच ठिकाणी धावपळ होते.

मातीसाठी एक नवी सोय आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज असेल तर सविस्तर, आणि सफाईचा खर्च ज्यानं घाण केली त्याच्याकडून घ्यायचा. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा निश्चित झालेल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. खाणीमुळे आणि कचरा डेपोमुळे झालेलं प्रदूषण मात्र या नियमांत येत नाही, त्यांचे कायदे वेगळे आहेत. बंद डिस्टिलरीचा तलाव किंवा जुन्या कारखान्याचं आवार असेल, तर सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन ही जागा सहामाही यादीत आहे का, नसेल तर का नाही, हे विचारता येतं. अर्जात गट नंबर, शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि चार फोटो जोडले तर तो बाजूला ठेवणं अवघड जातं.